दौऱ्याचं कारण

"आहिरे पुन्हा नाही म्हणाले?"

चांदवडकर साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओडिशातल्या झारसुगुड्याच्या दौऱ्याचा कोरा फॉर्म हातात धरून मी त्यांच्यासमोर उभी होते.

"नाही असं नाही म्हणाले, साहेब. मीटिंग ऑनलाइन घेतो म्हणाले. तिकडचे लोकही तयार आहेत."

"म्हणजे नाहीच म्हणाले."

आमची कंपनी नाशिकला, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत. मोठ्या कारखान्यांना लागणारे विजेचे कंट्रोल पॅनल आम्ही बनवतो. मी तिथे ट्रॅव्हल डेस्क सांभाळत होते. डेस्क म्हणजे जिन्याखालचं एक टेबल, दोन फोन आणि मी. कोणाला कुठे जायचं असेल तर तिकीट, हॉटेल, स्टेशनवरची गाडी, सगळं माझ्याकडे. नऊ वर्षं हेच काम, आणि नऊही वर्षं कंत्राटावर. दर मार्चमध्ये नवा कागद यायचा, मी सही करायचे.

लॉकडाऊन उठून वर्ष होऊन गेलं होतं. गाड्या सुरू होत्या, विमानं सुरू होती. माझे फोन मात्र वाजत नव्हते. जो तो ऑनलाइन मीटिंग मागत होता.

"बसा, गांगुर्डे," साहेब म्हणाले. नऊ वर्षांत ते मला पहिल्यांदाच बसा म्हणत होते. "मी हा धंदा कसा उभा केला, माहितीये? भिलाईला दोन दिवस एका साहेबाच्या दाराबाहेर बाकड्यावर बसून होतो. तिसऱ्या दिवशी त्याने आत बोलावलं. माणूस समोर बसला की नाही म्हणणं जड जातं. स्क्रीनवर काय, एक बटण दाबलं की संपलं."

"हो, साहेब."

"लोकांना घराची चटक लागलीये. तुम्ही एक करा. बाहेरच्या गिऱ्हाइकांचं काम बघणारे चौदा जण आहेत. एकेकाला गाठून विचारा, का जात नाही. खरं काय ते लिहून आणा. एक तारखेला मी सर्क्युलर काढणार आहे, महिन्याला किमान दहा दिवस दौरा. ज्यांना जमणार नाही, त्यांचा वेगळा विचार करू."

वेगळा विचार म्हणजे काय, हे ऑफिसात सगळ्यांना कळत होतं. सर्व्हिस विभागाच्या बावन्न वर्षांच्या आहिरे सरांना तर नक्कीच कळलं असतं.

मी उठले तेव्हा साहेब म्हणाले, "दौरे वाढले की तुमचं डेस्कही वाढवावं लागेल. या मार्चला कंत्राट नको. तुम्हाला कायम करायचं मी सांगून ठेवलंय."

त्या दिवशी मी जिना दोनदा चढले-उतरले. खाली माझ्या टेबलाशी जायचं होतं, आणि मी विचारांच्या नादात वरच्या मजल्यावर पोचले होते. घरी मुलीचं अकरावीचं वर्ष होतं. कायम हा शब्द ऐकायला मी नऊ वर्षं थांबले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी एकेकाला गाठायला सुरुवात केली. उत्तरं मिळायला वेळ लागला नाही. कोणाची पाठ दुखत होती. कोणाच्या सासूबाईंचं ऑपरेशन होतं. कोणाला रेल्वेतलं जेवण सोसत नव्हतं. सगळे सांभाळून बोलत होते, कारण मी कोणासाठी विचारतेय हे त्यांना ठाऊक होतं. एकाने हसत हसत विचारलं, "आम्ही गेलो नाही तर मॅडम, तुमचं काय हो?" तो गमतीने म्हणाला होता. मी मात्र दिवसभर त्याच्याशी नीट बोलले नाही.

ही कारणं साहेबांना हवी तशीच होती. तशीच्या तशी लिहून दिली असती तर काम झालं असतं. पण परतीची तिकिटं मीच बदलत असे, त्यामुळे कोणाची मीटिंग किती चालली हे मला कळायचं. गुवाहाटीला तीन दिवस घालवून चाळीस मिनिटांची मीटिंग. बळ्ळारीला एका सहीसाठी चार खेपा. जुन्या फायली चाळताना हे सगळं पुन्हा डोळ्यांपुढे यायला लागलं.

चौदा जणांच्या यादीत एक नाव होतं तेजल बोरस्ते. डिझाइनला पाच वर्षं. तिच्या नावावर एकही दौरा नव्हता. मी तिला कॅन्टीनमध्ये गाठलं.

"तुला विचारायचं की नाही तेच कळेना," मी म्हटलं. "तू कधी गेलीच नाहीस."

"विचारा ना, ताई. दर वेळी ऑनलाइन मीटिंगच मागते मी."

"प्रवास आवडत नाही?"

"मला जायचंय," ती म्हणाली. "पाठवतं कोण?"

तिने डबा बाजूला सरकवला. "ड्रॉइंग मी करते. ते घेऊन आमचे डिझाइनचे सर जायचे. तिकडे कोणी काही विचारलं की बाहेर येऊन मला फोन करायचे. मी सांगायचे आणि सर आत जाऊन तेच वाक्य बोलायचे. तीन वर्षं असं चाललं. लॉकडाऊनमध्ये सगळेच घरी. एका मीटिंगला तिकडचे साहेब म्हणाले, ये ड्रॉइंग किसने बनाया? सर गप्प. मग त्यांना माझं नाव घ्यावं लागलं. मी माइक सुरू केला. दहा मिनिटं बोलले. तेव्हापासून ते मेल मलाच करतात."

"मग आता जायला माग ना."

"दोनदा मागितलं. एकटी मुलगी, साइटवर कुठे राहशील, म्हणाले. ताई, हॉटेल तर तुम्हीच बुक करता ना?"

नऊ वर्षांत मी साइटवर जाणाऱ्या एकाही बाईचं तिकीट काढलं नव्हतं. आणि ही गोष्ट त्या दिवसापर्यंत माझ्या लक्षातही आली नव्हती.

"सर्क्युलर आलं की सर पुन्हा जायला लागतील," तेजल म्हणाली, "आणि मी पुन्हा फोनजवळ बसेन."

आहिरे सरांनी झारसुगुड्याच्या त्या कोऱ्या फॉर्मवर एकच शब्द लिहून दिला होता. पाठदुखी. चांदवडकर साहेब सगळ्यात आधी त्यांच्याबद्दलच विचारणार हे मला माहीत होतं, म्हणून शनिवारी सकाळी मी पाथर्डी फाट्याला त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या पत्नीने, मीनाक्षीवहिनींनी उघडलं.

"बसा. त्यांचा कॉल चालू आहे. होईलच आता."

आतल्या खोलीत सर लॅपटॉपसमोर बसले होते. स्क्रीनवर निळ्या हेल्मेटमधला एक ऑपरेटर होता, त्याच्या मागे आमचंच पॅनल. यंत्र मध्येच बंद पडतंय असं तो सांगत होता.

"भैया, कुछ मत बोलो. मोबाइल पॅनल के पास रखो," सर म्हणाले. मग डोळे मिटून ऐकत राहिले. मला नुसती घरघर ऐकू येत होती. "अब थोडा नीचे. और नीचे. बस. सुना? यही काँटॅक्टर है. पहले मेन बंद करो. ताला लगाओ, चाबी जेब में. फिर उसे खोलो."

वीस मिनिटांत त्या भागात साचलेली धूळ निघाली, यंत्र सुरू झालं. ऑपरेटरने हात जोडले. सरांनी लॅपटॉप मिटला तेव्हा त्यांना मी दिसले.

"अशा कामाला मी पूर्वी तीन दिवस जायचो," ते म्हणाले. "एक दिवस जायला, एक यायला. मधल्या दिवशी वीस मिनिटं."

"फॉर्मवर पाठदुखी लिहिलंय तुम्ही. खरं आहे?"

"पाठ दुखते. पण ते कारण नाही."

मी वही उघडली नाही. ते सांगू लागले.

"बावीस वर्षं महिन्यातले पंधरा दिवस मी बाहेर. घरी आलो की ही चांगले कप काढायची. एकेक गरम पोळी ताटात पडायची. पोरगी शहाण्यासारखी बसायची. मला वाटायचं, काय मान आहे आपला घरात. मग लॉकडाऊन लागला. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात हिने कान तुटलेल्या कपात चहा दिला आणि म्हणाली, पटकन घ्या, दळण आणायचंय. मी त्या कपाकडे बघतच बसलो. इतकी वर्षं मी पाहुणा होतो, मॅडम. त्या दिवशी राहायला आलो."

"काहीतरीच तुमचं," वहिनी आतून म्हणाल्या. "चांगले कप धुवायचे राहिले होते."

सर हसले. मलाही हसू आलं. आणि तिथेच मी उठून निघायला हवं होतं, असं मला नंतर कितीदा तरी वाटलं. पण तो माणूस माझ्याशी इतकं सरळ बोलला होता की, माझ्या मनात सहा वर्षं पडून असलेलं मला आत ठेवता येईना.

"सर, तुमचं राउरकेल्याचं तिकीट आठवतंय?"

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आठवत होतं.

त्या वर्षी त्यांचे वडील सटाण्याला आजारी होते. सरांनी मला फोन करून विचारलं होतं, प्रवास एक दिवस पुढे ढकलता येईल का, वडिलांना भेटून येतो. मी सांगितलं, नाही सर, हे तिकीट बदलता येत नाही. ते राउरकेल्याला गेले. तिकडचा अधिकारी रजेवर होता, मीटिंग झालीच नाही. सर परतीच्या गाडीत असताना वडील गेले. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मला हे कळलं, कारण परतीची धावपळ मीच केली होती.

"ते तिकीट बदलता येत होतं," मी म्हटलं. "त्या दिवशी मी अकरा जणांची तिकिटं बदलली होती. पुन्हा अर्धा तास फोन कानाला लावून बसायचा कंटाळा आला. म्हणून मी तुम्हाला खोटं सांगितलं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. सर उठून गॅलरीत गेले. मी पर्स हातात घेऊन बसून राहिले, जावं की थांबावं कळेना.

परत आले तेव्हा ते बसले नाहीत. "मी लगेच माफ वगैरे केलं असं म्हणणार नाही," ते म्हणाले. "मला ते जमणार नाही."

"नका म्हणू."

"पण एक सांगतो. तुम्ही तिकीट बदललं असतं ना, तरी मी काहीतरी निमित्त काढून गेलोच असतो. तेव्हा मी तसाच होतो. भावाला फोन केला असता, डॉक्टर बघताहेत ना म्हणून विचारलं असतं आणि गाडीत बसलो असतो. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगतोय, तिकीटच बदललं नाही. हिलाही तेच सांगितलं. फार सोयीचं होतं ते मला."

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून सर पुढे म्हणाले, "म्हणून मी आता जिथे जाणं गरजेचं आहे तिथेच जातो. नवीन पॅनल बसवायचं असेल तर उद्या निघतो. पण नुसतं तोंड दाखवायला नाही जात. साहेबांना हे लिहून द्या. माझ्या नावाने द्या. पाठदुखी खोडा."

निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या. माझा हात घट्ट धरला आणि सोडला.

रविवारी मी जेवणाच्या टेबलावर बसून अहवाल लिहिला. लॉकडाऊनच्या आधीच्या दोन वर्षांतला प्रत्येक दौरा काढून त्याच्यापुढे लिहिलं, काय काम होतं, किती वेळ लागला, ते इथे बसून झालं असतं का. निम्म्याहून जास्त ठिकाणी झालं असतं. काही ठिकाणी मुळीच झालं नसतं, तेही लिहिलं. नवीन पॅनल पहिल्यांदा सुरू करताना माणूस तिथेच हवा. चिडलेलं गिऱ्हाईक स्क्रीनवर निवत नाही. मग तेजलचं लिहिलं आणि आहिरे सरांचं.

माझे यजमान रवींद्र शेजारी बसून वाचत होते. "हे दिलंस तर मार्चला काय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

ते उठले आणि मला आणखी कोरे कागद आणून दिले.

सोमवारी चांदवडकर साहेबांनी माझ्यासमोरच अहवाल वाचला. मध्येमध्ये मान हलवत होते, ती पसंतीची की नापसंतीची ते कळत नव्हतं. तेजलच्या पानावर थांबले.

"ही मुलगी कोण?"

"बोरस्ते. डिझाइनला आहे, दुसऱ्या मजल्यावर. रायपूरच्या पॅनलचं ड्रॉइंग तिचंच."

"त्यावर माझी सही आहे."

"हो, साहेब."

त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. "पण समोर बसण्याची गोष्ट वेगळी असते, गांगुर्डे. मी सांगितलं ना तुम्हाला, भिलाईचं."

मी इतकी वर्षं त्यांच्यासमोर हो-नाहीच्या पुढे गेले नव्हते. "साहेब, भिलाईला तुम्ही घेऊन गेलात ते ड्रॉइंग कोणाचं होतं?"

"माझंच. रात्रंदिवस बसून केलं होतं. त्याने एकेक लाइन विचारली मला."

"आणि तुम्ही सांगितली."

"मग? मी नाही सांगणार तर कोण?"

एवढं बोलून ते थांबले. खाली कारखान्यात जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"हे असं लिहिलंत, तुमच्या डेस्कचं काय होईल कळतंय ना?"

"कळतंय."

"तरी लिहिलंत?"

"एका माणसाला एकदा खोटं सांगितलं होतं, साहेब. ते फार वर्षं मनात राहिलं. पुन्हा नको वाटलं."

कोणाला, काय, हे त्यांनी विचारलं नाही. "ठेवून जा," म्हणाले.

एक तारखेला सर्क्युलर आलं नाही. दोन तारखेला नाही, तीनला नाही. आठवड्याने दौऱ्याचा नवा फॉर्म छापून आला. पूर्वी त्यात 'दौऱ्याचं कारण' अशी एक बारीक रेघ होती आणि सगळे त्यावर 'मीटिंग' एवढंच लिहायचे. आता तिथे दोन प्रश्न होते. हे काम इथे बसून का होणार नाही? आणि ज्याचं काम आहे, तोच जातोय का?

फॉर्मबरोबर मला एक पत्रही आलं. ट्रॅव्हल डेस्क एकतीस मार्चला बंद. माझ्या नावाने पुन्हा एका वर्षाचं कंत्राट होतं, पण सर्व्हिस विभागात, आहिरे सरांच्या हाताखाली. देशभरातून येणारे तक्रारींचे कॉल घ्यायचे, कोणाला जोडून द्यायचे, आणि खरोखर कोणाला पाठवायचं ते ठरवायचं. कायमचा कागद त्यानंतर चौदा महिन्यांनी आला. आता या गोष्टीला चार वर्षं होतील, मी अजून त्याच विभागात आहे. सर माझ्याशी त्या तिकिटाबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. मीही नाही. आम्ही रोज शेजारी बसून काम करतो.

जिन्याखालच्या टेबलावरून मी काढलेलं शेवटचं तिकीट तेजलचं होतं. झारसुगुड्याला तिने केलेलं नवीन पॅनल सुरू करायचं होतं. फॉर्मवर साहेबांची सही होती, आणि दुसऱ्या प्रश्नापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने 'होय' लिहिलं होतं.

तिकीट पाच मिनिटांत झालं. हॉटेलला वेळ लागला. कारखान्यापासून किती लांब, रिसेप्शनवर रात्री कोण असतं, खोलीला आतून कडी आहे का, गाडीवाला ओळखीचा आहे का, हे मी चार हॉटेलांना फोन करून विचारलं. तेजल समोर उभी राहून ऐकत होती.

"आमच्या सरांच्या वेळी विचारायचात का हे सगळं?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांच्या वेळीही विचारायला हवं होतं."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी अकराला मी नव्या जागी बसले होते, शेजारी आहिरे सर. स्क्रीनवर झारसुगुडा. पॅनलचं दार उघडं होतं आणि त्याच्याजवळ डोक्याला जरा मोठं होणारं हेल्मेट घालून तेजल उभी होती. तिच्याभोवती कारखान्याचे सात-आठ लोक. त्यांच्यातले वयस्कर इंजिनिअर तिला ओलांडून कॅमेऱ्यासमोर आले.

"आहिरेजी, ये दूसरा सर्किट आपने ऐसा क्यों रखा है?"

सरांना उत्तर माहीत होतं. मलाही साधारण माहीत होतं.

"मैंने नहीं रखा," सर म्हणाले. "जिन्होंने रखा है, आपके बाजू में खड़ी हैं. उनसे पूछिए."

इंजिनिअर वळले. तेजलने हेल्मेट मागे सारलं, एकदा पॅनलकडे पाहिलं आणि बोलायला लागली. सरांनी आपला माइक बंद केला आणि खुर्ची जरा मागे घेतली.